गव्हाचा आजार नेमका कुणाकडून आला?

माझ्या भाचीला सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, असल्याचं निदान झालं त्या संध्याकाळी आमच्या फोंड्याच्या घरात पहिला प्रश्न उपचाराचा निघाला नाही. आईने वहिनीला विचारलं, "तुमच्या माहेरी कुणाला होतं का गं हे? आमच्या घराण्यात तर कधी ऐकलं नाही." वहिनी सांगलीकडची. तिकडे दोन्ही वेळा चपाती-भाकरी, आमच्याकडे शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी. आईच्या मनात हिशेब होऊन गेला होता: गव्हाचा आजार, म्हणजे गहू खाणाऱ्या घरातून आलेला. वहिनी काही बोलली नाही, कपबश्या उचलून आत गेली. आत जाऊन ती रडली, हे मला नंतर कळलं.

मी उच्च माध्यमिकच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. आनुवंशिकतेचा धडा दर वर्षी घेते. तरीही त्या क्षणी आईला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही, कारण सिलिअ‍ॅकची आनुवंशिकता धड्यातल्या वाटाण्यांसारखी सरळ चालत नाही. पुढचे कित्येक आठवडे मी वाचत राहिले, भाचीच्या डॉक्टरांना प्रश्न विचारत राहिले. ज्या घरांत आज हाच प्रश्न विचारला जात असेल, त्यांच्यासाठी ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी भाचीचं थोडं सांगते, कारण बऱ्याच मुलांचं असंच होतं. ती सहा वर्षांची. वर्षभर लोहाचं औषध चालू होतं, पण हिमोग्लोबिन चढत नव्हतं. दोन वर्षांपूर्वीचे फ्रॉक लांबीला अजून बसत होते. हातपाय काटक्या आणि पोट मात्र पुढे आलेलं. जंताचं औषध दोनदा देऊन झालं. "बापावर गेलीय, तोही लहानपणी किडकिडीतच होता," असं म्हणून आम्ही सगळ्यांनी तो विषय सोडून दिला होता. जुलाब असे तिला कधी झालेच नाहीत, उलट बद्धकोष्ठता होती. सिलिअ‍ॅक म्हणजे जुलाब असं समजून बसलं की अशी मुलं हातातून निसटतात. वाढ खुंटणं, न हटणारा रक्तक्षय, तोंडात वारंवार येणारे व्रण, दातांवरच्या कवचाचे दोष, उशिरा येणारं वयात येणं, एवढ्यावरच हा आजार वर्षानुवर्षं लपून राहू शकतो.

आता ग्लुटेनकडे येऊ. तांदळाच्या पिठाची भाकरी करताना उकड काढावी लागते, नाहीतर भाकरी तुटते. कणकेला हे करावं लागत नाही. ती नुसत्या पाण्याने मळली तरी ताणली जाते, लाटली जाते, फुगते. गव्हातली ही ताण धरणारी प्रथिनं म्हणजे ग्लुटेन. जव आणि राय या धान्यांतही त्यांची भावंडं असतात. तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी, मका यांत ती नसतात.

ग्लुटेनची एक खोड आहे. त्यात प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं इतकी दाटीने बसलेली असतात की आपले पाचकरस ते पूर्णपणे तोडू शकत नाहीत. काही तुकडे अख्खेच लहान आतड्यात पोचतात. त्यांपैकी ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा संशोधकांनी २००२ साली ओळखला, आणि या आजारात सगळ्यात जास्त खळबळ माजवणारा तोच ठरला. असे तुकडे तुमच्या-माझ्याही आतड्यात रोज येतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत काहीही न होता निघून जातात. काही मुलांच्या बाबतीत मात्र शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना शत्रू समजते. त्या लढाईत आतड्याच्या अस्तरावरचे मखमलीसारखे बारीक उंचवटे झडतात आणि अस्तर सपाट होतं. अन्नरस शोषून घेणारी जागाच उरत नाही. मग लोह कितीही द्या, ते रक्तात उतरत नाही. भाचीच्या वर्षभराच्या औषधाचं नेमकं तेच झालं होतं.

ग्लुटेनच्या तुकड्याला शत्रू कोण ठरवतं, हा खरा जनुकांचा प्रश्न आहे.

आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाच्या जनुकांची वस्ती आहे. ही जनुकं पेशींच्या पृष्ठभागावर लावायची प्रथिनं बनवतात. त्या प्रथिनांचं काम दाखवण्याचं. पेशीत किंवा आतड्यात आलेल्या प्रथिनाचा एखादा तुकडा ती आपल्या खाचेत धरतात आणि पहाऱ्यावरच्या टी-पेशींसमोर ठेवतात: हा पाहा, ओळखीचा आहे का? म्हापशाच्या बाजारात मासळीवाली हातावर मासा धरून गिऱ्हाइकाला कल्ले उघडून दाखवते, तसंच काहीसं. टी-पेशीला तुकडा घातक वाटला तर ती आरोळी ठोकते.

प्रत्येकाच्या एचएलए प्रथिनांची खाच वेगवेगळ्या आकाराची असते. कुठला तुकडा कुणाच्या खाचेत बसेल, ते त्यावर ठरतं. डीक्यू २ आणि डीक्यू ८ नावाच्या दोन प्रकारांची खाच अशी आहे की ग्लुटेनचा तुकडा तिच्यात घट्ट बसतो. त्यासाठी त्याला आधी थोडं तासावं लागतं. ते काम ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं आपलंच एक एन्झाइम करतं. ते तुकड्यातल्या काही ग्लुटामिनांचं ग्लुटामिक आम्ल करून टाकतं, तुकड्यावर ऋण विद्युतभार येतो, आणि सुताराने रंधा मारलेली फळी चौकटीत बसावी तसा तो खाचेत चपखल बसतो. १९९७ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं की सिलिअ‍ॅकच्या रुग्णांचं शरीर या एन्झाइमविरुद्धच प्रतिपिंडं बनवतं. आज ज्या रक्तचाचणीने निदानाची सुरुवात होते, टीटीजी-आयजीए, ती याच प्रतिपिंडांची.

सिलिअ‍ॅक असलेल्या दर १०० जणांतल्या सुमारे ९० जणांत डीक्यू २ चा २.५ हा उपप्रकार सापडतो. उरलेल्यांत बहुतेक करून डीक्यू ८, किंवा डीक्यू २.२ हा सौम्य उपप्रकार. यांपैकी काहीच नसताना सिलिअ‍ॅक होणं अत्यंत दुर्मीळ. म्हणजे ही खाच जवळजवळ अट आहे. माझ्या आईचा हिशेब इथवर बरोबर होता: काहीतरी वारशाने आलं, हे खरंच.

पण किती जणांकडे ते असतं, ते पाहा. साधारण ३० ते ४० टक्के लोकांमध्ये डीक्यू २ किंवा डीक्यू ८ असतं. माझ्या अकरावीच्या ६० मुलांच्या वर्गात मी नजर फिरवते तेव्हा त्यांतल्या वीसेक मुलांच्या पेशींवर ती खाच असणार, आणि ती सगळी मधल्या सुट्टीत मजेत पाव-भाजी खात असणार. हे जनुक बाळगणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास लोकांना आजार होतो. घराला दार असलं म्हणून रोज चोर येत नाही, आणि दारच नसेल तर त्या वाटेने चोर येण्याचा प्रश्न नाही. डीक्यू २ इतपतच आहे, एक दार.

आणि हे दार दोन झडपांचं आहे. भाचीच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची ठरली ती हीच गोष्ट. डीक्यू प्रथिन दोन साखळ्या जुळून तयार होतं, आल्फा आणि बीटा. दोन्हींची जनुकं वेगळी, पण गुणसूत्रावर शेजारी शेजारी. बऱ्याचदा दोन्ही झडपा आईकडून किंवा वडिलांकडून एकत्रच येतात. पण कधी असं होतं की लागणारी आल्फा साखळी एका पालकाकडून येते आणि बीटा दुसऱ्याकडून. दोघांपैकी कुणाकडेच डीक्यू २.५ पूर्ण नसतं. मुलाच्या पेशीत मात्र दोन्ही झडपा जुळतात आणि दार तयार होतं.

भाचीचा जनुकीय अहवाल पाहून डॉक्टरांनी हेच सांगितलं. तिच्यात सापडलेल्या आल्फा आणि बीटा प्रकारांच्या जोड्या अशा होत्या की एक अर्धा आमच्याकडचा आणि एक अर्धा सांगलीचा, यापलीकडे दुसरा अर्थ निघत नव्हता. मी घरी येऊन आईला कागदावर दोन झडपा काढून दाखवल्या. आई बराच वेळ कागद धरून बसली. मग उठून स्वयंपाकघरात वहिनीजवळ गेली. त्या दोघींत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

सगळ्याच घरांत असा निकाल लागत नाही. बहुतेक ठिकाणी दोन्ही झडपा एकाच बाजूने आलेल्या असतील. पण ज्या माणसाकडून त्या आल्या, त्याने त्या निवडल्या नव्हत्या, आणि त्यालाही त्या कुणाकडून तरी मिळाल्या होत्या. तीन माणसांमागे एकाच्या अंगात असलेली गोष्ट हा घराण्याचा डाग कसा होईल? एचएलए जनुकांत माणसामाणसांत एवढी विविधता आहे, कारण त्यांचं मूळ काम जंतूंना ओळखणं आहे. गावात साथ आली तर सगळ्यांच्याच खाचा एकसारख्या नसणं गावाच्या फायद्याचं. ज्या वारशाने आपले पूर्वज साथींतून तगले, त्याचाच हा एक भाग.

जनुकांच्या किती प्रती आहेत यानेही फरक पडतो. अमेरिका आणि युरोपातल्या ६,४०० हून अधिक मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवणाऱ्या टेडी नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. ही सगळी मुलं धोक्याची जनुकं असलेलीच निवडलेली होती. ज्यांना डीक्यू २.५ आई आणि वडील दोघांकडूनही मिळालं होतं, म्हणजे दुहेरी प्रत, त्यांच्यापैकी २६ टक्के मुलांच्या रक्तात पाचव्या वर्षापर्यंत प्रतिपिंडं दिसू लागली आणि ११ टक्क्यांना प्रत्यक्ष आजार झाला. ज्यांच्याकडे एक डीक्यू २.५ आणि एक डीक्यू ८ होतं, त्यांच्यात हेच आकडे ११ आणि ३ टक्के होते. दुहेरी प्रत असलेल्या मुलाच्या पेशींवर खाचा जास्त, म्हणून ग्लुटेनचे तुकडे जास्त दाखवले जातात, आणि पहारेकरी भडकण्याची शक्यता वाढते. पण याच आकड्यांची दुसरी बाजू पाहा: सगळ्यात जास्त धोक्याच्या गटातही १०० पैकी ८९ मुलं पाच वर्षांची होईपर्यंत आजारी पडली नव्हती.

एचएलए सोडून गुणसूत्रांवरच्या आणखी सुमारे ४० जागा सिलिअ‍ॅकशी जोडल्या गेल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच जागा प्रतिकारशक्तीच्या कारभारातल्या आहेत. एकेकीचा वाटा अगदी बारीक, म्हणून दवाखान्यात त्यांची तपासणी करण्यात आज अर्थ नाही. त्यांतल्या काही जागा मुलांना होणाऱ्या टाइप १ मधुमेहातही दिसतात, आणि डीक्यू २, डीक्यू ८ तर दोन्ही आजारांत सामाईक आहेत. म्हणून टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाची सिलिअ‍ॅकसाठी चाचणी करतात, काही त्रास दिसत नसला तरी. डाउन सिंड्रोम, टर्नर सिंड्रोम आणि थायरॉइडचे स्वप्रतिकार आजार असलेल्या मुलांचीही करतात.

मग जनुकं सारखीच असली तर आजारही सारखाच होतो का? याचं उत्तर जुळ्यांकडून मिळतं. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला सिलिअ‍ॅक असेल तर सुमारे चारांपैकी तीन जोड्यांत दुसऱ्यालाही होतो. वारसा मोठा आहे, हे यावरून कळतं. पण सगळी जनुकं तंतोतंत तीच असूनही चौथी जोडी सुटते. त्या चौथ्या जोडीत बाहेरचं काहीतरी वेगळं घडलेलं असणार.

बाहेरचं म्हणजे काय, ते पाहायला आपल्याच देशाचा नकाशा पुरे. २०१६ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३,००० हून अधिक प्रौढांची रक्ततपासणी त्यात झाली होती. सिलिअ‍ॅकचं लक्षण असलेली प्रतिपिंडं रक्तात सापडण्याचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघालं. उत्तर आणि दक्षिण यांत बारापट अंतर. पण धोक्याची जनुकं उत्तरेत ३८ टक्के लोकांत होती आणि दक्षिणेत ३६ टक्के. म्हणजे जवळजवळ सारखीच! फरक होता ताटात. उत्तरेत माणशी दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू खाल्ला जात होता, दक्षिणेत २५ ग्रॅम. हा तक्ता मी आईला वाचून दाखवला तेव्हा तिचा मूळ तर्क उलटा झाला. दक्षिणेतल्या भातखाऊ घरांतही दारं तितकीच होती. त्या दारांशी गहू मात्र फारसा येत नव्हता.

ईशान्येचा आकडा याच अभ्यासात डोकं खाजवायला लावतो. तिथे गहू दिवसाला ३७ ग्रॅमच, तरी आजार दक्षिणेच्या कितीतरी पट. म्हणजे नुसत्या गव्हाच्या मापाने सगळं सुटत नाही. युरोपातही असंच एक उदाहरण आहे. फिनलंड आणि त्याला लागून असलेला रशियाचा करेलिया प्रांत, दोन्हीकडे जनुकं सारखी, गहू खाण्याचं प्रमाणही सारखं. तरी शाळकरी मुलांत सिलिअ‍ॅक फिनलंडमध्ये १०७ मध्ये एक आणि करेलियात ४९६ मध्ये एक असं आढळलं. राहणीमान, लहानपणी होणारे संसर्ग, आतड्यातले जिवाणू, असं काही यामागे असावं असं संशोधक मानतात. एन्टेरोव्हायरससारख्या आतड्याच्या संसर्गांवर त्यांचा बराच संशय आहे. संसर्गाच्या गडबडीत आतड्याची पहारेकरी यंत्रणा आधीच चवताळलेली असते, नेमक्या त्याच वेळी ग्लुटेनचा तुकडा समोर येतो आणि त्याच्यावरही शिक्का बसतो.

आपल्या गोव्यात गहू पिकत नाही. तो पोर्तुगिजांच्या काळात पावाच्या रूपाने रोजच्या जेवणात आला, आणि सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलच्या भोंग्यावर आजही घरं जागी होतात. तरी माझ्या लहानपणी पाव म्हणजे चहाबरोबर एक उंडो किंवा अर्धी पोई. जेवण उकड्या तांदळाचं, सकाळी पेज, आजारपणात नाचणीचं तिजान. आता माझ्या विद्यार्थ्यांच्या डब्यांत पाहते तर सकाळी ब्रेड, मधल्या सुट्टीत नूडल्स, संध्याकाळी बिस्किटं आणि रात्री चपाती, कारण भाताने वजन वाढतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं. आपली दारं तीच आहेत, येणारं गिऱ्हाईक मात्र वाढलं आहे. म्हणून "हा पंजाबातला आजार, आपल्याकडे कुठला" असं म्हणून चालणार नाही, असं मला मनापासून वाटतं. मुलाची वाढ अडली असेल तर टीटीजी चाचणीचा विषय पालकांनी स्वतः काढावा.

दुसऱ्या टोकाला जाऊ नये, हेही तितकंच कळकळीने सांगते. भाचीचं ऐकून माझ्या एका सहकारी बाईने आपल्या दोन वर्षांच्या नातवाचा गहू बंद करून टाकला, "काळजी म्हणून." नातवाला काही झालेलं नव्हतं. गहू उशिरा दिला की आजार टळतो का, हे तपासायला युरोपात दोन मोठे प्रयोग झाले, धोक्याची जनुकं असलेल्या किंवा घरात रुग्ण असलेल्या बाळांवर. दोन्हींचे निकाल २०१४ मध्ये आले. इटलीतल्या प्रयोगात काही बाळांना सहाव्या महिन्यात ग्लुटेन सुरू केलं, काहींना बाराव्या. उशिरा सुरू केलेल्यांत आजार थोडा उशिरा दिसू लागला, पण पाचव्या वर्षी दोन्ही गट सारख्याच पातळीवर होते. दुसऱ्या प्रयोगात चौथ्या महिन्यापासून अगदी थोडं थोडं ग्लुटेन देऊन शरीराला सवय लावायचा प्रयत्न केला, त्यानेही काही साधलं नाही. स्तनपानाने सिलिअ‍ॅक टळतो असंही दिसलं नाही, पण स्तनपानाची बाकीची कारणं इतकी भक्कम आहेत की त्यावर काही परिणाम व्हायचं कारण नाही. आपलं उष्टावण सहाव्या महिन्याच्या सुमाराला होतं, ते तसंच होऊ द्या. किती गहू, याबद्दल मात्र एक धागा आहे. टेडी अभ्यासातच २०१९ मध्ये दिसलं की पहिल्या पाच वर्षांत ज्या मुलांच्या खाण्यात ग्लुटेन जास्त, त्यांच्यात आजारही थोडा जास्त. घरात रुग्ण असेल तर धाकट्या भावंडाला दिवसभर बिस्किटांवर ठेवू नये, इतका शहाणपणा त्यातून नक्की घेता येईल.

आता तपासणीबद्दल. इथे होणारी चूक महागात पडते. शंका आली की पुष्कळ घरांत आधी गहू बंद करून बघतात. आठ-पंधरा दिवसांत मूल जरा टवटवीत दिसतं, आणि मग चाचणी करायला जातात. तोवर प्रतिपिंडं उतरू लागतात, अस्तर सावरू लागतं, आणि अहवाल फसवा येऊ शकतो. मग निदानासाठी मुलाला पुन्हा काही आठवडे गहू खायला घालावा लागतो. आधी रक्त द्या, निदान पक्कं होऊ द्या, तोपर्यंत मुलाला नेहमीचं जेवण द्या.

टीटीजीबरोबर एकूण आयजीएचीही तपासणी करतात. काही मुलांच्या शरीरात आयजीए हे प्रतिपिंडच मुळात कमी बनतं, आणि सिलिअ‍ॅक असलेल्यांत अशी मुलं जरा जास्त सापडतात. एकूण आयजीए न पाहता टीटीजी चांगलं आलं म्हणून निर्धास्त राहिलं तर आजार तिथेच राहतो. पुढे दुर्बिणीतून आतड्याच्या अस्तराचा तुकडा घेऊन निदान पक्कं करतात. २०२० पासून युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांची शिफारस अशी आहे की टीटीजी वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि वेगळ्या नमुन्यावर ईएमए ही दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली तर पालकांशी बोलून तुकडा न घेताही निदान करता येतं. आपल्या मुलाला कुठला मार्ग लागू, हे पोटविकार तज्ज्ञ ठरवतील.

यात जनुकीय चाचणीची जागा कुठे? ती आजार आहे का ते सांगत नाही. पॉझिटिव्ह आली तर तुमचं मूल त्या ३०-४० टक्क्यांत आहे, एवढंच कळतं. तिची खरी ताकद निगेटिव्ह येण्यात आहे. डीक्यू २ नाही, डीक्यू ८ नाही, म्हणजे सिलिअ‍ॅक जवळपास बाद. बाकीचे अहवाल एकमेकांशी जुळत नसतील, किंवा गहू आधीच बंद केलेला असेल, तेव्हा ती फार उपयोगी पडते. एकदाच करायची असते, गहू खात असो वा नसो, निकाल बदलत नाही. निरोगी मुलाची नुसत्या कुतूहलापोटी ही चाचणी करू नये, असं माझं मत आहे. एक पॉझिटिव्ह अक्षर हातात घेऊन आईबाप वर्षानुवर्षं झोप घालवतात.

सख्ख्या नात्यातल्यांचं तसं नाही. रुग्णाच्या भावंडांत आणि मुलांत सुमारे दहा-बारा जणांमागे एकाला हा आजार सापडतो, पालकांत त्याहून कमी. यांची तपासणी लक्षणं नसली तरी करायची. भावंडांचं एचएलए साध्या नियमाने वाटलं जातं. आईकडच्या दोनांपैकी एक, वडिलांकडच्या दोनांपैकी एक. म्हणून दोन भावंडांचं एचएलए अगदी तेच असण्याची शक्यता चारात एक, अर्धं जुळण्याची चारात दोन, मुळीच न जुळण्याची चारात एक. ज्याच्यात धोक्याचा प्रकारच नाही, त्याला पुन्हा पुन्हा सुई टोचायची गरज उरत नाही.

उपचार एकच, आयुष्यभर ग्लुटेन बंद. आमच्या जेवणाचा पाया तांदूळ आणि नाचणी असल्यामुळे निम्मी लढाई आधीच जिंकलेली होती. अडलो ते भलत्याच ठिकाणी. मासे रव्यात घोळवून तळायची सवय, आता तांदळाच्या पिठात घोळवतो, आणि तेल वेगळं. हिंग, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी, कारण माल्ट जवाचं. सत्यनारायणाचा शिरा, चतुर्थीच्या नेवऱ्या, शेजारच्या घरून नाताळात येणारी बिबिंक, सगळ्यांत गहू. दोदोल मात्र तांदळाच्या पिठाचा, म्हणून आता शेजारीण आठवणीने दोदोलच पाठवते. "पोई चालेल ना, ती काही मैद्याची नाही," असं निदान पाच जणांनी तरी मला विचारलं असेल. चालत नाही. कोंडा असला तरी तो गव्हाचाच. विकतच्या डब्यावर ग्लुटेनमुक्त असं लिहायचं तर आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन त्यात चालत नाही, म्हणून ते शब्द पाहूनच घेतो.

सात महिन्यांत भाचीचं हिमोग्लोबिन चढलं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करतो, त्यांतली शेवटची खूण पाहून भाऊ तिथेच बसून राहिला होता.

तिचा धाकटा भाऊ चार वर्षांचा आहे. त्याचीही तपासणी केली. त्याला तेच दोन अर्धे मिळाले आहेत, एक आमच्याकडचा आणि एक सांगलीचा, दोन्ही झडपा ताईसारख्याच. टीटीजी मात्र निगेटिव्ह. डॉक्टरांनी सांगितलं, दोन-तीन वर्षांनी पुन्हा रक्त पाहू, मध्ये वाढ अडली किंवा काही त्रास दिसला तर आधीच या, तोवर त्याला सगळं खाऊ द्या. पोदेराचा भोंगा वाजला की तो अजूनही फाटकाशी धावतो. वहिनी त्याची पोई वेगळ्या ताटलीत वाढते, ताईच्या ताटलीत नाचणीची भाकरी असते, आणि दोघंही आजीजवळ बसून चहात बुडवून खातात.